चाळिशी, मिरजेची रेल्वे आणि डोळ्यांची तपासणी

आमच्या सांगलीत कुणी म्हणालं की डोळे तपासून आलो, तर पुढचा प्रश्न ठरलेला, नंबर किती निघाला? तपासणी म्हणजे नंबर, एवढंच आपलं गणित. आणि त्यात आपली भाषाही सामील आहे बघा, वाचायच्या चष्म्याचं नावच आपण चाळिशी ठेवलंय, म्हणजे पेपर हात लांब करून धरायची वेळ आली की मग डोळ्यांची आठवण, त्याआधी डोळे आहेत हेही लक्षात नसतं.

चष्मा तसा जुनाच. 1306 साली फ्लॉरेन्समधल्या एका प्रवचनात पाद्री सांगतोय की ही कला निघून अजून वीस वर्षंही झाली नाहीत. पण पुढची कित्येक शतकं लोक विक्रेत्याकडचे चार चष्मे लावून बघायचे आणि ज्यातून बरं दिसेल तो घ्यायचे, जत्रेत चप्पल घेतो तसंच. नजर मोजायची सगळीकडे चालेल अशी रीत आली ती 1862 ला, हॉलंडमधल्या उट्रेक्टच्या हर्मन स्नेलन यांच्या तक्त्यामुळं. वर मोठं अक्षर, खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी, अंतर 6 मीटर. 6/18 म्हणजे चांगल्या नजरेच्या माणसाला जे 18 मीटरवरून दिसतं ते वाचायला तुम्हाला 6 मीटरवर यावं लागतं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तो फिरवलेला इंग्रजी E, त्याची बोटं कुठल्या बाजूला आहेत ते हातानं दाखवायचं.

पण खरी मोठी गोष्ट त्याच्या अकरा वर्षं आधीच झाली होती आणि ती आपल्याला कुणी सांगत नाही. डोळ्याची बाहुली काळी का दिसते? आत गेलेला उजेड आला त्याच वाटेनं परत जातो आणि तो बघायला तिथं डोकं घातलं की आपणच उजेड अडवतो. 1851 मध्ये जर्मनीच्या हेल्महोल्ट्झनी तिरक्या काचा वापरून ही अडचण सोडवली आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा मागचा पडदा, तिथली नस, रक्तवाहिन्या पहिल्यांदाच नीट दिसल्या. शरीर न कापता रक्तवाहिन्या इतक्या स्पष्ट दिसतात अशी ही जागा, म्हणून शुगर आणि बीपीनं केलेलं नुकसान डॉक्टरला तिथं दिसतं, पेशंटला काही जाणवत नसतानासुद्धा.

आता काहीच तक्रार नसलेल्या माणसाचे डोळे कशाला तपासायचे, ही सवय लावण्यात रेल्वेचा मोठा हात आहे. 1875 ला स्वीडनमध्ये लागरलुंडा इथं दोन गाड्या समोरासमोर धडकल्या, नऊ माणसं गेली. होल्मग्रेन नावाच्या प्राध्यापकांनी म्हटलं की कर्मचाऱ्याला लाल-हिरवा ओळखता येत नसणार (या अपघाताचं कारण खरंच तेच होतं का यावर नंतर शंका घेतली गेली, पण असो), आणि रंगीत लोकरीच्या लडी निवडायला लावून त्यांनी रेल्वेवाल्यांची तपासणी सुरू केली. पुढं 1917 ला जपानच्या इशिहारांची, रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायची पुस्तकं आली. आमचे चुलत आजोबा मिरज जंक्शनला पॉइंट्समन, म्हणजे गाडीसाठी रूळ बदलणारे, होते, त्यांना ठराविक वर्षांनी मेडिकलला जावंच लागायचं आणि ते घरी येऊन सांगायचे, आज पण ठिपक्यातले आकडे वाचले. घरात बाकी कुणाचे डोळे कुणी तपासले नव्हते, आजीचे तर नाहीच, का तर आजी इंजिन चालवत नव्हती.

त्याच मिरजेत 1894 ला विल्यम वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं. पण तेव्हा कुठंही जा, मोतीबिंदूचा पेशंट यायचा तो जवळजवळ दिसायचं बंद झाल्यावरच. मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू, हे वाक्य तेव्हाच्या पद्धतीला धरून होतं, ऑपरेशननंतर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागायचा, म्हणून थोडं दिसतंय तोवर थांबलेलं बरं. 1949 ला लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडलींनी डोळ्यात कृत्रिम लेन्स बसवली, ती आपल्याकडं सर्रास व्हायला नव्वदचं दशक उजाडलं. आता पिकायची वाट बघायची गरज नाही, वाक्य मात्र अजून गावोगाव जिवंत आहे.

सरकारचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 चा, 1994 पासून जागतिक बँकेच्या मदतीच्या मोतीबिंदू प्रकल्पात महाराष्ट्रही होता, शिबिरं झाली, गाड्या भरून म्हातारी माणसं नेली-आणली. काम मोठंच झालं, अंधत्वाचं प्रमाण 2006-07 च्या पाहणीत 1 टक्का होतं ते 2015-19 च्या पाहणीत 0.36 टक्क्यांवर आलं. फक्त एक झालं, डोळ्याचं दुखणं म्हणजे मोतीबिंदू आणि तो काढला की दिसतं, असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं.

काचबिंदूत तसं नसतं. त्यात बहुतेकदा आतला दाब वाढून नस हळूहळू वाळते, नजर कडेकडेनं जाते, समोरचं छान दिसत राहतं, तक्त्यावर 6/6 सुद्धा येतं, आणि गेलेली नजर परत येत नाही. दुखत नाही म्हणून कुणी जात नाही. तासगावला आमच्या मामांचं हेच झालं, बागेत चालताना बाजूचे खांब लागायला लागले तरी म्हणायचे, बिंदू आहे, पिकला की काढू. दोन्हीच्या नावात बिंदू, त्यात फसले.

आता मामा रोज थेंब घालतात, उरलंय ते टिकवायला. हा आजार घराण्यात चालतो म्हणून डॉक्टरांनी दोन्ही मुलांना बोलावलं, बाहुली मोठी करून पडदा बघितला, दाब मोजला. धाकट्याचा दाब वाढलेला निघाला. वय 34, चष्मा नाही, नजर 6/6, आणि तो आदल्याच महिन्यात चष्म्याच्या दुकानात नंबर काढून आला होता, तिथं त्याला सांगितलेलं, काही नाही, डोळे एकदम ओके.