आयर्लंडच्या शेतातलं तण: सहलीला निघण्याआधी वाचा

आमच्या फेब्रुवारी आणि जूनच्या आयर्लंड सहलीत काही मुक्काम शेतावर असतात. कुरणात उगवलेलं हे काय, असं पाहुणे दरवेळी विचारतात, म्हणून हे पत्रक.

पाण्याचा निचरा नसलेल्या जमिनीत हिरव्या काड्यांचे झुबके दिसतील. ते रश, दिसायला आपल्या लव्हाळ्यासारखं. गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत, त्यामुळे शेतकरी त्यावर वैतागलेलाच असतो. पण 31 जानेवारीच्या संध्याकाळी हेच रश उपटून आणायचं (कापायचं नाही, उपटायचंच) आणि त्याचा आयर्लंडच्या संत ब्रिजिडचा क्रूस विणायचा, ही जुनी रीत. एक काडी उभी धरतात, दुसरी मधोमध दुमडून तिच्यावर अडकवतात, मग क्रूस पाव फेरा फिरवून पुढची. शेवटी चारही टोकं बांधायची. हा क्रूस दारावर किंवा आढ्याला लावला की घराला आग लागत नाही, अशी श्रद्धा. गोठ्यातही लावत. 2023 पासून ब्रिजिडच्या सणानिमित्त फेब्रुवारीच्या सुरुवातीला सरकारी सुट्टी असते. सुट्टीच्या दिवशी दुकानांच्या वेळा बदलतात, खरेदी आधीच उरका.

पूर्वी मेणबत्ती न परवडणाऱ्या घरात दिवाही रशचाच. साल सोलायची, आधारापुरती एक पट्टी ठेवायची आणि आतला पांढरा गाभा वितळलेल्या चरबीतून ओढून घ्यायचा.

नेटल हे तण मात्र हात लागला की झोंबतं. तरी वसंतात त्याची कोवळी पानं तीनदा खाल्ली की रक्त शुद्ध होतं, असं जुनी माणसं मानत. टाकळ्यासारखंच, निबर झालं की मजा गेली. 1845 पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात लोकांनी ते पोटासाठी खाल्लं. एरवी चिरून टर्कीच्या पिल्लांनाही घालत. अंगाला लागलं तर यजमान डॉक या रुंद पानांच्या तणाचं पान चोळायला देतील. थंडावा वाटतो, त्याहून जास्त अपेक्षा नको.

1937 ते 1939 मध्ये शाळकरी मुलांनी गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून अशा गोष्टी वह्यांत उतरवून घेतल्या. त्या वह्या आज डब्लिनच्या विद्यापीठात आहेत.

जूनच्या पाहुण्यांसाठी एक सूचना. पिवळ्या फुलांचं रॅगवर्ट दिसायला गोड. रात्री परी त्यावर स्वार होतात, असं सांगत. पण ते घोड्यांच्या आणि गुरांच्या यकृताला विषारी आहे, वाळल्यावरही. 1936 च्या कायद्यानुसार ते, डॉक आणि काटेरी थिसल काढून टाकणं जमीनमालकावर बंधनकारक आहे. फोटो हवे तेवढे काढा; फुलं तोडून तबेल्याजवळ नेऊ नका.