फजलूर रहमान: देवबंदच्या परंपरेतून शिकागोपर्यंत

कुरआनातल्या आदेशाचा शब्द धरायचा की त्यामागचा हेतू, हा वाद इस्लामी जगात जुनाच आहे. पण आजचे सुधारणावादी मुस्लिम अभ्यासक त्याची जी मांडणी करतात, तिचा माग काढत गेलं की पाकिस्तानी विचारवंत फजलूर रहमान यांच्यापाशी पोचावंच लागतं.

त्यांचा जन्म 1919 चा, तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातल्या हजारा जिल्ह्यातला. वडील उत्तर प्रदेशातल्या देवबंदच्या प्रसिद्ध परंपरानिष्ठ मदरशात शिकलेले मौलाना. त्यांनी मुलाला घरीच दर्स-ए-निजामीचे, म्हणजे मदरशांतल्या ठरलेल्या अभ्यासक्रमाचे, पारंपरिक धडे दिले. दहाव्या वर्षापर्यंत मुलाला कुरआन मुखोद्गत झालं होतं. नव्या काळाकडे पाठ फिरवून धर्म टिकणार नाही, असं या देवबंदी मौलानांचं ठाम मत होतं. मुलाच्या पुढच्या प्रवासाचं बीज इथेच आहे.

लाहोरला पंजाब विद्यापीठातून अरबीत एम.ए. केल्यावर ते ऑक्सफर्डला गेले आणि 1949 मध्ये मध्ययुगीन मुस्लिम तत्त्वज्ञ इब्न सिनाच्या मानसशास्त्रावर डॉक्टरेट मिळवली. मग डरहॅम आणि माँट्रियलचं मॅकगिल विद्यापीठ इथे त्यांनी शिकवलं.

तिथून ते मायदेशी, आता पाकिस्तानात, परतले आणि वादात ओढले गेले. लष्करी उठावातून राष्ट्राध्यक्ष झालेल्या अयूब खान यांना आधुनिक पाकिस्तान हवा होता, पण इस्लामच्या चौकटीतला. 1961 च्या कौटुंबिक कायद्याच्या वटहुकुमाने दुसऱ्या लग्नाआधी लवाद परिषदेची परवानगी सक्तीची केली आणि उलेमा, म्हणजे धर्मपंडित, खवळले. अशा वातावरणात 1962 मध्ये रहमान सरकारी इस्लामी संशोधन संस्थेचे संचालक झाले.

बहुपत्नीत्वाबद्दलचा त्यांचा युक्तिवाद जवळून पाहण्यासारखा आहे. चार बायकांची मुभा कुरआनाच्या ज्या आयतीत (वचनात) आहे (4:3), तिचा संदर्भ अनाथ मुलींचा. पालक त्यांची मालमत्ता गिळंकृत करत होते, त्या परिस्थितीत ही मुभा आली, तीही सर्व बायकांना समान न्याय देण्याच्या अटीवर. त्याच सूरेत (अध्यायात) पुढे (4:129) म्हटलं आहे की कितीही इच्छा असली तरी असा न्याय तुम्हाला जमणार नाही. रहमान दोन्ही आयती एकत्र वाचतात. मुभा त्या काळाच्या समाजापुरती आणि न्याय हे कायमचं नैतिक ध्येय, म्हणून कुरआनाचा कल एकपत्नीत्वाकडे आहे, असा त्यांचा निष्कर्ष. आधी आजच्या प्रश्नाकडून आयत उतरली त्या काळात जायचं, तिथलं तत्त्व हाती घ्यायचं आणि ते घेऊन पुन्हा आजच्या परिस्थितीत यायचं, ही त्यांची 'दुहेरी हालचाल'. 1982 च्या 'इस्लाम अँड मॉडर्निटी' या पुस्तकात त्यांनी ती सविस्तर मांडली.

याच पद्धतीने त्यांनी कुरआनाने निषिद्ध ठरवलेला, दामदुपटीने वाढत जाणारा रिबा (सावकारी व्याज) आणि बँकेचं व्याज यांत फरक केला. 1966 मध्ये त्यांचं 'इस्लाम' हे पुस्तक आलं. कुरआन संपूर्णपणे ईश्वराचीच वाणी आहे, पण तिचं अवतरण प्रेषितांच्या अंतःकरणाशीही निगडित आहे, असं त्यात लिहिलं होतं. याचा काही भाग उर्दूत छापून आला आणि आग भडकली. निदर्शनं झाली, धमक्या आल्या. सप्टेंबर 1968 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. काही महिन्यांत अयूब खानही सत्तेवरून गेले.

हा पराभव विद्वत्तेचा नव्हता, असं मला ठामपणे वाटतं. विरोधकांना अयूबशाहीवर वार करायचा होता आणि समोर सापडले रहमान. पण हेही मान्य करायला हवं की लष्करी हुकूमशहाच्या आश्रयाने केलेली सुधारणा लोकांना सरकारी फर्मानासारखीच वाटणार. विचार कितीही खरा असो, तो कोणाच्या दारातून येतो हे लोक पाहतातच.

1969 पासून शेवटपर्यंत ते शिकागो विद्यापीठात होते. 'मेजर थीम्स ऑफ द कुरआन' हा ग्रंथ 1980 मध्ये तिथेच लिहून झाला. 26 जुलै 1988 रोजी ते गेले.

त्यांच्या विचाराला खरी जमीन मिळाली ती इंडोनेशियात. शिकागोत त्यांच्याकडे शिकलेले नूरखोलिश माजिद 1984 मध्ये डॉक्टरेट घेऊन परतले आणि तिथल्या इस्लामी विचाराचा मोठा आवाज बनले. दुसरे विद्यार्थी अहमद शाफी मआरिफ 1998 ते 2005 या काळात मुहम्मदिया या कोट्यवधी अनुयायांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. तिला शाळा, रुग्णालयं आणि विद्यापीठांचं स्वतःचं जाळं होतं, सरकारी आश्रयाची गरज नव्हती.