नव्या मत्स्यपेटीतील नाजूक पाणवनस्पती

नव्याने मांडलेल्या मत्स्यपेटीत जिवंत पाणवनस्पती लावून त्या तेथील पाण्याला व प्रकाशाला सरावेपर्यंत सांभाळण्याचे काम साधारणपणे पहिले चार ते सहा आठवडे चालते. या काळात पाने पिवळी पडणे, काचेसारखी पारदर्शक होणे व अखेर पाण्यात विरघळून जाणे हे प्रकार सर्रास घडतात. छंदिष्टांच्या बोलीत याला ‘मेल्ट होणे’ म्हणतात. रोप मेले असे समजून ते उपटून टाकण्याची घाई केली जाते. वास्तविक पाने गेली तरी मुळे आणि मूलक्षोड (मुळांलगतचे आडवे खोड) शाबूत असल्यास रोप पुन्हा फुटते.

पाने विरघळण्याचे मुख्य कारण रोपवाटिकेतल्या पद्धतीत आहे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पाणवनस्पती पाण्याखाली वाढवलेल्या नसून दमट हवेत, केवळ मुळे ओली ठेवून वाढवलेल्या असतात. कारण तेथे त्यांना कार्बन डायऑक्साइड सहज मिळतो, वाढ झपाट्याने होते आणि पानांवर शेवाळ धरत नाही. पाण्यात वायूचा प्रसार हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी मंद असतो. त्यामुळे हवेत तयार झालेले, जाड उपत्वचेचे पान बुडाल्यावर फारसे कामाचे उरत नाही, आणि वनस्पती जुन्या पानांतले अन्नद्रव्य शक्य तेवढे ओढून घेऊन त्याच्या जोरावर पातळ, लवचीक अशी नवी पाने काढते. हा खर्च भागेल इतकी शिदोरी खोडात नसेल, तर मात्र रोप खरोखरच दगावते. डबीतून मिळणारी टिश्यू कल्चरची रोपे शेवाळ व गोगलगायींपासून मुक्त असतात, पण त्यांची शिदोरी सर्वांत तुटपुंजी असते.

क्रिप्टोकोरायनी ही प्रजाती याचे ठळक उदाहरण होय. ती ॲरेसी कुलातली, म्हणजे अळू-सुरणाच्या भाऊबंदांतली असून तिच्या ग्रीक नावाचा अर्थ ‘लपलेला सोटा’ असा आहे. तो झाकलेल्या फुलोऱ्याला उद्देशून आहे. पेट्यांमध्ये बहुधा श्रीलंकेतली वेंटी ही जाती दिसते. मात्र रेट्रोस्पायरॅलिस ही जाती आपल्या सह्याद्रीतील ओढ्यांत व खडकाळ नदीपात्रांत आढळते. पावसाळ्यात ती वाहत्या पाण्याखाली असते आणि पाणी ओसरल्यावर उघड्यावर येऊन फुलते. असे दोन संसार करणारी वनस्पती एका संसारातून दुसऱ्यात जाताना पाने टाकते, यात नवल नाही. पेटीत रुजलेली क्रिप्टोकोरायनीसुद्धा जागा बदलली किंवा पाणी, तापमान, प्रकाश यांत एकाएकी फरक पडला, तर दोन-चार दिवसांत विरघळते. पानाच्या कडेला प्रथम पारदर्शक ठिपके येतात, त्यांची भोके होतात आणि बोट लावताच पान देठापासून सुटून बुळबुळीत चिंधीसारखे हाती येते. अशी पाने कात्रीने बुडाशी कापून बाहेर काढावीत व गड्ड्याला हात लावू नये. दोन ते चार आठवड्यांत मधूनच सुरळी झालेले नवे पान वर येते.

कुजणाऱ्या पानांचा प्रश्न मत्स्यपेटीइतकाच जुना आहे. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० च्या सुमारास व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती व गोल्डफिश एकत्र ठेवून पाहिले, तेव्हा कुजक्या पानांनी पाणी खराब होऊ लागले. ती पाने खाण्यासाठी त्यांनी गोगलगायी सोडल्या आणि पाणी निवळले.

लागवड लांब चिमट्याने करतात. कुंडीतल्या रोपाच्या मुळांभोवतीचा खनिज लोकरीचा बोळा पूर्ण सोडवावा लागतो. डबीतल्या रोपाची जेली कोमट पाण्यात धुऊन काढतात, कारण ती राहिल्यास तेथेच बुरशी व कुज सुरू होते. मग एका डबीचे आठ-दहा झुपके करून प्रत्येक झुपका मुळांशी पकडून तिरका खुपसतात व चिमटा हलकेच सैल करून काढून घेतात. सरळ वर ओढल्यास रोपही त्याच्याबरोबर वर येते. पेटी काठोकाठ भरलेली असताना हे काम फार कष्टाचे होते, म्हणून पाणी मातीच्या थोडेसेच वर ठेवून, पानांवर सतत फवारा मारत लागवड उरकणे बरे. अनुबियास व जावा फर्न यांचे मूलक्षोड मात्र मातीत पुरल्यास कुजते. ती दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधतात.

नवी पेटी स्वतःही कच्ची असते. अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि पोषक मातीतून सुरुवातीला बराच अमोनिया सुटतो. रोपे त्यातला काही भाग शोषतात, पण सगळा नाही; म्हणून पहिल्या आठवड्यांत निम्मे पाणी वारंवार बदलतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी काढावे लागते. दख्खनच्या पठारावरील अनेक बोअरवेलचे पाणी जड व अल्कधर्मी असते, आणि अल्कधर्मी पाण्यात अमोनियाचा विषारी अंश वाढतो. अशा ठिकाणी मासे सोडण्याची घाई विशेष महागात पडते.

रोपे मरताना पाहून दिवा वाढवण्याचा मोह होतो, आणि अनेक पेट्या नेमक्या याच चुकीने बिघडतात. नवी पाने येईपर्यंत रोप प्रकाश फारसा वापरू शकत नाही; तो शेवाळाच्या पथ्यावर पडतो. सुरुवातीला दिवसाला सहा तास दिवा पुरतो व महिन्याने तो आठ तासांपर्यंत नेता येतो. नाजूक गालिचा-वनस्पतींना, उदाहरणार्थ क्यूबातील हेमिअँथसला, कार्बन डायऑक्साइडची जोड बहुधा लागतेच. लिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅम हे प्रमाण दिवा लागण्यापूर्वीच साधलेले असावे, यासाठी वायू तास-दोन तास आधी सुरू करतात. काचेवर व पानांवर येणारा तपकिरी थर डायटम या एकपेशीय शेवाळाचा असतो, बोटाने पुसला जातो आणि पेटी मुरली की बहुधा आपोआप ओसरतो. हायग्रोफिला, रोटाला यांसारख्या जोमाने वाढणाऱ्या वनस्पती पहिल्याच दिवशी दाटीने लावल्यास त्या अमोनिया व इतर अन्नद्रव्ये ओढून घेतात आणि नाजूक रोपांना सवड मिळते. पुढे त्या काढून टाकता येतात.

पाण्याखाली फुटलेली दोन-तीन पाने धडधाकट दिसू लागली आणि चाचणीत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आले, म्हणजे थोडे थोडे मासे सोडायला हरकत नसते. रोपे उकरणारे सिक्लिड किंवा कोवळी पाने खुडणारे गोल्डफिश मात्र तेव्हाही टाळतात.