स्थानिक आरोग्य-नोंदी (बेळगाव सीमाभाग)

शहरातले जन्म, मृत्यू, बाळंतपणे, ताप, लसी आणि क्षयाचे रुग्ण यांच्या रोजच्या नोंदी एकत्र वाचून त्या शहराला कोणत्या आरोग्यसेवेची निकड आहे हे ठरवण्याची पद्धत. जिल्ह्याची सरासरी या कामाला पुरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून बेळगाव जिल्ह्याचे चित्र मिळते, पण शहरातल्या वडगावात काय चालले आहे आणि सदाशिवनगरात काय, हे त्यात दिसत नाही. ते पाहायचे तर महापालिकेची जन्म-मृत्यू नोंदवही, सिव्हिलचे केसपेपर, प्रयोगशाळांचे अहवाल, क्षयरुग्णांसाठीची ‘निक्षय’ प्रणाली आणि आशा कार्यकर्तीची डायरी उघडावी लागते.

सीमाभागात या नोंदी वाचताना पहिली अडचण पत्त्याची येते. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्म किंवा मृत्यू जिथे घडला तिथे तो नोंदला जातो, माणूस कुठला आहे यावरून नाही. चंदगड तालुका महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यात. पण तिथल्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव कितीतरी जवळ. अवघड बाळंतपण, हृदयविकार, अपघात, काहीही झाले की गाडी बेळगावकडेच वळते. खानापूर, हुक्केरी, बैलहोंगल इथूनही तेच. त्यामुळे महापालिकेच्या वहीतले जन्म-मृत्यू शहराच्या लोकसंख्येने भागले की येणारा दर फुगलेला असतो आणि ज्या गावांत खरी गरज आहे तिथला आकडा तेवढाच रोडावतो. उत्तर त्याच फॉर्मवर असते. जन्माच्या फॉर्मच्या सांख्यिकी भागात आईच्या राहत्या गावाचा रकाना आहे. दाखला हातात पडला की त्या भागाकडे कुणी फिरकत नाही, पण आरोग्याच्या दृष्टीने फॉर्मवरची सर्वांत मोलाची ओळ तीच.

त्यात आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. महाराष्ट्रातल्या गडहिंग्लजची मुलगी बेळगावच्या शहापुरात दिलेली असेल, तर तिचे तायी कार्ड (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारे कार्ड, मराठी घरांतही त्याला याच कन्नड नावाने ओळखतात) सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत भरलेले असते आणि पुढे कोरे. इथल्या सिस्टरच्या यादीत ती ‘तपासणीला न आलेली’ ठरते, तर तिकडच्या यादीत ‘उशिरा नोंदलेली’. दोन्ही नोंदी आपापल्या जागी खऱ्या असूनही मिळून चुकीची गोष्ट सांगतात. बाईने काहीही चुकवलेले नसते.

दुसरी अडचण भाषेची, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष गेले आहे. घरात मृत्यू झाला की कार्यकर्ती दारात बसून विचारते, काय झाले होते? म्हातारी सांगते, “त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं.” म्हणजे पक्षाघात. शेजारच्या घरची सून हळू आवाजात म्हणते, “अंगावरून जातंय.” हा पांढऱ्या पाण्याचा किंवा रक्तस्रावाचा त्रास. शब्द जवळजवळ तेच, दुखणी मात्र अगदी वेगळी. वही कन्नडमध्ये भरायची, ऐकायचे मराठीत आणि संगणकावर इंग्रजी संकेतांक टाकायचा, अशा तीन उड्यांत आजार बदलून जाऊ शकतो. म्हणून प्रश्नावली मराठीतही छापलेली असणे हा इथे अस्मितेचा विषय मानण्याआधी निदानाचा विषय मानायला हवा.

तापाच्या नोंदी पाण्याच्या नोंदींशेजारी ठेवून वाचाव्यात. बेळगावला राकसकोप आणि हिडकल या जलाशयांतून पाणी येते. २००८ पासून शहराच्या साधारण एक दशांश भागात चोवीस तास पाणीपुरवठ्याचा प्रयोग झाला. बाकी ठिकाणी काही दिवसांआड नळ येई आणि त्यामुळे घरोघरी पिंप, हौद, सिमेंटच्या टाक्या भरून ठेवाव्या लागत. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. डेंग्यूच्या रुग्णांचे पत्ते आणि पाणी सोडण्याचे वेळापत्रक एकाच नकाशावर मांडले, तर धूरफवारणी कुठे करायची आणि नळाची वेळ कुठे बदलायची हे वेगवेगळे कळते. घरमालकाला दंड करण्याआधी हा नकाशा काढलेला असावा.

काही आजारांत रुग्णाचे गाव एका राज्यात आणि लागण दुसऱ्या राज्यात असते. गोचिडीच्या चाव्यातून होणारा माकडताप १९५७मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला. पुढे तो घाटाने उत्तरेकडे सरकला. २०१६च्या सुमारास गोव्यातल्या सत्तरी भागात काजूच्या बागांत कामाला गेलेल्या बेळगावकडच्या मजुरांत तो आढळला. नुसत्या घरच्या पत्त्यावरून पाहिले असते तर गोचीड गावात शोधत बसावे लागले असते. हंगामात माणूस कुठे कामाला गेला होता, हा एक प्रश्न विचारला की तपासाची दिशा बदलते.

नीट मोजल्याने काय साधते, याचे जगभर गेलेले उदाहरण याच जिल्ह्यातले आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव डोळ्यांच्या अंदाजाने सांगितला तर बराच कमी भरतो. इथल्या अभ्यासात बाळंतिणीखाली खुणा केलेले प्लास्टिकचे आच्छादन पसरून रक्त प्रत्यक्ष मोजले गेले. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहभागाने प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत १,६२० बायकांवर झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष २००६मध्ये प्रसिद्ध झाले : मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्यावर अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. त्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या नव्हत्या, गावातल्या सिस्टरांनी दिल्या होत्या. २०११मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी हे औषध अत्यावश्यक यादीत घेतले.

भागाकाराचा प्रश्न मात्र तसाच आहे. शेवटची जनगणना २०११ची. त्यानंतर उपनगरे कुठल्या कुठे पसरली, आणि दर काढायला हाताशी अंदाजी लोकसंख्याच आहे. महाराष्ट्राने २०२३मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी आपली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचे ठरवले. या योजनेतून उपचार झाले की एकाच घरातल्या दोघांच्या शस्त्रक्रिया दोन राज्यांच्या खात्यांत जातात.

व्यवसायाचा रकाना तर बहुधा ‘मजुरी’ या एका शब्दावर संपतो. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत वाळूची धूळ ओढणारा, खासबागेत मागावर बसणारा आणि निपाणीत विड्या वळणारी बाई, तिघेही मजूरच. वाळूतल्या सिलिकाच्या धुळीने फुप्फुस खराब झालेल्याला क्षयाचा धोका जास्त असतो, हे वैद्यकाला जुने ठाऊक आहे. खोकल्याच्या केसपेपरवर ‘फाउंड्री, मोल्डिंग, बारा वर्षे’ एवढे लिहिले असेल, तर डॉक्टर थुंकीबरोबर छातीचा एक्स-रेही लगेच मागवतात.