दातात धरलेली गाठ

ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर, जवळपास तितकाच आपला अक्षांश. मुंबईत तो सुमारे 19 अंशांवर दिसतो, पणजीत साडेपंधरा, कोझिकोडला जेमतेम सव्वाअकरा. पण हलत्या जहाजावरून हा कोन मोजायचा कसा?

अरबी समुद्रातल्या नाखव्यांकडे त्यासाठी ‘कमाल’ असे. लाकडाची एक चौकोनी फळी, मधोमध भोक, त्यात ओवलेली दोरी आणि दोरीला गाठी. गाठ दातात धरायची, दोरी ताठ करायची आणि फळीची खालची कड क्षितिजाला टेकवायची. वरच्या कडेवर ध्रुव बसला, की त्या गाठीचा अक्षांश मिळाला. दोरी आखूड तर कोन मोठा, लांब तर लहान. पुठ्ठ्याचा 10 सेंटिमीटर उंचीचा तुकडा घेऊन करून बघा. डोळ्यापासून साधारण 30 सेंटिमीटरवर धरला की मुंबईचा कोन, 37 वर पणजीचा, 51 वर कोझिकोडचा. हव्या त्या बंदराची गाठ बांधून ठेवायची, ध्रुव तिथे येईपर्यंत उत्तरेला किंवा दक्षिणेला जायचे आणि मग तो अक्षांश न सोडता सरळ किनारा गाठायचा.

तोच पुठ्ठा लिस्बनला मात्र 14 सेंटिमीटरवर, अगदी नाकाशी धरावा लागेल. ही फळी शोभते ती आपल्याच समुद्राला, जिथे ध्रुव खाली असतो आणि तारा व क्षितिज एका नजरेत मावतात. पोर्तुगीजांचे ॲस्ट्रोलेब, म्हणजे सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचे गोल यंत्र, टांगून वापरायचे, जहाज डुलले की तेही डुलायचे. म्हणून वास्को द गामाने 1497 मध्ये दक्षिण आफ्रिकेत सेंट हेलेना उपसागराच्या किनाऱ्यावर उतरून सूर्याची उंची मोजली. कमालीला आधार क्षितिजाचा, त्यामुळे तिचे काम डेकवरच भागे.

मोजमाप मात्र जाडे होते. अरबी ‘इस्बा’ म्हणजे बोट, अशी 224 बोटे म्हणजे पूर्ण वर्तुळ. एका बोटाची चूक झाली तर जहाज सुमारे 178 किलोमीटर भरकटणार! त्यात आणखी एक अडचण. 1500 च्या सुमारास ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून जवळजवळ साडेतीन अंश दूर होता (आज एका अंशाहूनही कमी), आणि रात्रभर त्याभोवती फिरत असे. म्हणून त्या वेळी कोणते नक्षत्र माथ्यावरून जाते आहे ते पाहून नाखवा ठरावीक दुरुस्ती करी. पंधराव्या शतकातला नामांकित नाविक इब्न माजिद याने आपले नौकानयनाचे बरेच ज्ञान पद्यात बांधले, तोंडपाठ करता येईल असे.