नकाशावरचा ठिपका किती खरा? सागरी सस्तन प्राण्यांच्या उपग्रह टॅगविषयी ग्राहकांसाठी माहिती

प्राण्याच्या अंगावर लावलेला टॅग (उपग्रहाला संदेश पाठवणारं छोटं यंत्र) सुरू झाला की स्क्रीनवर ठिपके यायला लागतात आणि देवमासा नेमका तिथेच आहे असं वाटतं. तो तिथे असेलच असं नाही. ठिपक्याभोवती केवढी चूक धरायची, हे टॅग घेण्याआधीच माहीत हवं.

आर्गोस या उपग्रहांवरून जागा काढणाऱ्या यंत्रणेत टॅग ४०१.६५ मेगाहर्ट्‌झच्या आसपास छोटासा संदेश सोडतो. उपग्रह जवळ येताना आणि लांब जाताना त्या संदेशाच्या वारंवारितेत जो फरक पडतो, त्यावरून जागा काढतात. टॅगला स्वतःची जागा ठाऊक नसते. उपग्रह एका फेरीत जेमतेम दहा मिनिटं टप्प्यात असतो. दर ४५ सेकंदांनी संदेश गेला तर तेरा मिळायला हवेत. पण टॅग पाण्याबाहेर असेल तेवढ्याच क्षणांत संदेश जातो, आणि देवमासा श्वास घेऊन लगेच बुडी मारतो. हाती एक-दोन, फार तर तीन लागतात. अचूकतेचं घोडं इथेच अडतं.

चार किंवा अधिक संदेश मिळाले तर नोंदीला अंकी दर्जा मिळतो: ३ म्हणजे २५० मीटरच्या आत, २ म्हणजे ५०० मीटरपर्यंत, १ म्हणजे १५०० मीटरपर्यंत, ० म्हणजे त्याहून जास्त. तीन संदेशांना ‘ए’, एक-दोन संदेशांना ‘बी’. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. हे आकडे ६८ टक्के शक्यतेचे आहेत. म्हणजे दर्जा ३ च्या शंभरातल्या सुमारे ३२ नोंदी २५० मीटरच्या बाहेर पडणारच, आणि त्यात टॅगचा दोष नाही. ‘ए’ आणि ‘बी’ सरसकट गाळू नका. देवमाशाच्या डेटात बहुतेक नोंदी त्याच असतात, आणि ‘ए’ पुष्कळदा ० पेक्षा सरस ठरते.

२०११ पासून प्रत्येक नोंदीसोबत चुकीची व्याप्ती दाखवणारं लंबवर्तुळ मागवता येतं. ते जरूर मागवा. उपग्रह ध्रुवाकडून ध्रुवाकडे फिरतात, त्यामुळे चूक उत्तर-दक्षिणपेक्षा पूर्व-पश्चिम जास्त असते. कोकणासारख्या उभ्या किनारपट्टीवर याचा फटका थेट बसतो. ठिपका जमिनीवर पडला म्हणून खोडू नका, त्याच्या लंबवर्तुळाचा समुद्रातला भाग पाहा.

प्रश्न कोणता, यावर टॅग ठरवा. २०१७ च्या अखेरीस ओमानच्या मसिरा आखातात टॅग लावलेली ‘लुबान’ ही हंपबॅक देवमाशाची मादी अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोरून कन्याकुमारीपर्यंत गेली. एवढा प्रवास दाखवायला पाच किलोमीटरची चूक चालते. डॉल्फिन कोणत्या खाडीच्या तोंडाशी थांबतात हे पाहायचं असेल तर मुळीच चालत नाही. तिथे फास्टलॉक जीपीएसचा टॅग घ्या. तो सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी वेळात जीपीएस उपग्रहांचे सिग्नल टिपतो. चारच उपग्रह मिळाले तर चूक शेकडो मीटरवर जाऊ शकते, सहापेक्षा जास्त मिळाले तर काही दहा मीटरांत येते. म्हणून प्रत्येक नोंदीपुढची उपग्रहांची संख्या वाचा.

टॅग ‘गप्प’ झाला की आधी संशय ओल्या-कोरड्याच्या सेन्सरवर घ्या. दोन इलेक्ट्रोडमधून खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यावरून टॅगला आपण बुडालेलो आहोत हे कळतं. मध्ये शेवाळ किंवा बार्नेकल (चिकटून राहणारा कवचधारी जीव) बसलं की त्याला आपण कायम पाण्यातच आहोत असं वाटतं आणि तो संदेश सोडतच नाही. शेवाळ धरू नये म्हणून लावायचा तांब्याचा रंग इलेक्ट्रोडवर थेंबभरही येता कामा नये; तो स्वतःच वीज वाहतो.

लावण्याआधी गच्चीवर चाचणी घ्या: मोकळं आकाश, अँटेना उभी, जवळ पत्रा किंवा लोखंडी कठडा नको. ४८ तास ठेवा आणि खऱ्या जागेपासूनची अंतरं दर्जावार मांडा. सरासरीपेक्षा मध्यक आणि ९५ टक्के नोंदी ज्याच्या आत येतात तो आकडा बघा. एकच भरकटलेली नोंद सरासरी बिघडवते. मग बादलीत लिटरला ३५ ग्रॅम मीठ विरघळवून टॅग बुडवा. बुडाल्यावर संदेश थांबले आणि काढल्यावर पुन्हा सुरू झाले पाहिजेत. समुद्रात निकाल गच्चीपेक्षा वाईटच येणार: लाटा अँटेना झाकतात, प्राणी पोहत असतो, आणि गार पाण्यातून उन्हात येताना टॅगची वारंवारिता सरकते.

नदीतल्या डॉल्फिनचं वेगळं आहे. गंगा डॉल्फिनला पहिला उपग्रह टॅग डिसेंबर २०२४ मध्ये आसामात लागला; हा प्राणी एका वेळी ५ ते ३० सेकंदच वर असतो. शिवाय गोड्या पाण्यातून वीज फार कमी वाहते, त्यामुळे समुद्रासाठी ठरवलेला सेन्सर बुडालेला असूनही ‘कोरडा’ सांगतो आणि टॅग पाण्याखालीच संदेश सोडून बॅटरी संपवतो. अशा कामासाठी ऑर्डर देताना त्या जागेचं लिटरभर पाणी बाटलीत भरून पाठवा. सेन्सरची मर्यादा त्याच पाण्यात तपासून देऊ.