गाड्या घोळक्यानेच का येतात?

एखाद्या वळणावर महिन्याभरात तीन अपघात झाले की 'तिथे काहीतरी आहे' अशी कुजबुज सुरू होते, लिंबू-मिरच्या बांधल्या जातात. तिथे आहे ते गणित.

नागपूरच्या आऊटर रिंग रोडवर, सिग्नलपासून लांब, एका बाजूच्या गाड्या मोजा. समजा तासाला ३६० जातात. सरासरी दर १० सेकंदांना एक. प्रत्यक्षात मात्र रस्ता सुनसान, मग एकदम तीन, पुन्हा सुनसान.

आता १० सेकंदांच्या एका अवधीचे एकेका सेकंदाचे दहा तुकडे करा. प्रत्येक तुकड्यात गाडी न येण्याची शक्यता ९/१०. गाड्या एकमेकींना विचारून निघत नाहीत, म्हणून दहाही तुकडे रिकामे जाण्याची शक्यता म्हणजे ०.९ चा दहावा घात, ०.३४९. शंभर तुकडे केले तर ०.९९ चा शंभरावा घात, ०.३६६. हजार केले तर ०.३६७७. आणखी कितीही बारीक चिरा, आकडा ०.३६७९ शी येऊन थबकतो. हा १/ई, चक्रवाढ व्याजात भेटणारा २.७१८ वाला ई! हीच युक्ती पुढे नेली की सूत्र मिळतं: सरासरी 'म' असेल तर नेमक्या 'न' गाड्यांची शक्यता = (म चा न-वा घात) × (ई चा उणे म-वा घात) ÷ न! (न! म्हणजे १ पासून न पर्यंतच्या आकड्यांचा गुणाकार; इथे म = १). तासातल्या १० सेकंदांच्या ३६० अवधींपैकी सुमारे १३२ रिकामे, १३२ मध्ये एक गाडी, ६६ मध्ये दोन, २२ मध्ये तीन आणि सातेक अवधींत चार किंवा जास्त. घोळका कुणी सोडत नाही, तो आपोआप पडतो.

हे प्वासाँ वितरण, म्हणजे किती गाड्यांची किती शक्यता याची वाटणी. फ्रेंच गणितज्ञ प्वासाँने १८३७ मध्ये ते मांडलं ते न्यायालयीन निकालांवरच्या ग्रंथात. संख्याशास्त्रज्ञ बोर्टकेविचने १८९८ मध्ये प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेने मेलेल्या सैनिकांना ते लावून दाखवलं. अ‍ॅडम्सने १९३६ मध्ये रस्त्यावरच्या वाहतुकीला.

अपघातांचंही तसंच. महिन्याला सरासरी एक अपघात असेल, तर तीन किंवा जास्त अपघातांचा महिना वर्षातून साधारण एकदा येणारच, भूत नसताना. सरासरीच वाढली, तर मात्र वळणाचा उतार आणि दिवे तपासावेत. मांत्रिक नको.

संध्याकाळी नागपूरच्या गर्दीच्या सीताबर्डीत हे सूत्र लावू नका. प्वासाँमध्ये विचरण (आकडे सरासरीभोवती किती विखुरतात त्याचं माप) आणि सरासरी सारखे असतात. सिग्नल गाड्यांचे जथे सोडतो तेव्हा विचरण सरासरीच्या वर जातं. बंपरला बंपर लागला की खाली, कारण तेव्हा प्रत्येक गाडी पुढचीच्या तालावर चालते.